ट्रॅक्टरची नोंदणी आणि अपघाताची जबाबदारी

बैलजोडी विकली म्हणजे दावे घेणाऱ्याच्या हाती देऊन विकणारा मोकळा होतो. पुढे त्या बैलाने कोणास मारले किंवा कोणाच्या पिकात तोंड घातले, तरी पहिल्या धन्याचा त्याच्याशी संबंध उरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या व्यवहाराची सवय शेतकऱ्याच्या अंगी इतकी मुरलेली आहे की, ट्रॅक्टर, ट्रॉली, जीप किंवा मोटारसायकल विकतानाही तो त्याच रीतीने वागतो. पैसे मोजून घेतले, किल्ली दिली, चार माणसांसमक्ष मुद्रांकावर लेख करून दिला, की व्यवहार पुरा झाला असे तो समजतो. मोटार वाहनाच्या बाबतीत मात्र ही समजूत चुकीची असून तिच्यापायी अनेक कुटुंबे अडचणीत आलेली आहेत. वाहन हातचे गेले तरी परिवहन कार्यालयाच्या दप्तरातील नाव जोवर बदलत नाही, तोवर त्या वाहनाच्या अपघाताची जबाबदारी विकणाऱ्याच्या दारी येऊ शकते.

ऊस, कापूस, धान्य, शेणखत, चारा, पाण्याच्या टाक्या या सर्वांची वाहतूक आज ट्रॅक्टर-ट्रॉलीने होते. शेतात नांगर ओढणारे हेच यंत्र दिवसातून अनेक वेळा सार्वजनिक रस्त्यावर येते. म्हणून यंत्राच्या निगेइतकेच त्याच्या कागदपत्रांचे व कायदेशीर जबाबदारीचे ज्ञान शेतकऱ्यास असणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात या विषयाची मुख्य अंगे क्रमाने दिली आहेत.

कायद्याच्या दृष्टीने मालक कोण?

आपल्या देशात मोटार वाहनांसंबंधीचा सध्याचा कायदा १९८८ सालचा असून तो १ जुलै १९८९ पासून अमलात आहे. त्यापूर्वी १९३९ सालचा कायदा लागू होता. १९८८ च्या कायद्याच्या कलम २ (३०) मध्ये ‘मालक’ या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. तीनुसार ज्याच्या नावाने वाहनाची नोंदणी झालेली आहे, तो त्या वाहनाचा मालक होय. नोंदणी अज्ञान व्यक्तीच्या नावाने असेल तर तिचा पालक मालक समजला जातो. वाहन भाडेखरेदीच्या, भाडेपट्ट्याच्या किंवा तारणगहाणाच्या कराराखाली असेल, तर त्या कराराअन्वये ज्याच्या ताब्यात वाहन आहे तो मालक ठरतो. बँकेचे कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेल्या शेतकऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे. कर्ज फिटेपर्यंत नोंदणी पुस्तकावर बँकेचे नाव तारणदार म्हणून चढलेले असते हे खरे. तथापि अपघाताची जबाबदारी बँकेवर जात नाही, ती शेतकऱ्यावरच राहते.

ट्रॅक्टर आणि ट्रॉली ही कायद्याच्या दृष्टीने दोन निरनिराळी वाहने आहेत. ‘मोटार वाहन’ या संज्ञेत ट्रेलरचाही, म्हणजे ट्रॉलीचाही, समावेश केलेला आहे. ट्रॅक्टरची नोंदणी व विमा केला परंतु गावच्या कारखान्यात जोडून घेतलेली ट्रॉली तशीच ठेवली, अशी उदाहरणे पुष्कळ आढळतात. अशी ट्रॉली उलटून कोणी दगावल्यास विम्याच्या प्रश्नावरून मोठा वाद उद्भवतो. यास्तव ट्रॉलीची नोंदणी व विमा ट्रॅक्टरबरोबरच करून घेणे शहाणपणाचे आहे.

चालविणाऱ्याचा दोष आणि मालकाची भरपाई

अपघात चालकाच्या हयगयीने होतो, मग मालकाने भरपाई का द्यावी, असा प्रश्न शेतकरी नेहमी विचारतात. येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. निष्काळजीपणाने वाहन चालवून कोणाच्या मृत्यूस कारण झाल्याबद्दलची शिक्षा फौजदारी न्यायालय देते आणि ती चालविणाऱ्यासच भोगावी लागते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत अशा अपराधास ५ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. मालकाने स्वतः दुसरा काही गुन्हा केलेला नसेल, तर केवळ मालक म्हणून त्यास तुरुंगात जावे लागत नाही.

नुकसानभरपाईची गोष्ट निराळी आहे. मालकाच्या कामावर असताना नोकराने केलेल्या हयगयीबद्दल मालक भरपाईस जबाबदार असतो, हे तत्त्व न्यायालयांनी फार पूर्वीपासून मान्य केलेले आहे. ज्याच्या कामासाठी यंत्र रस्त्यावर आले, त्याने त्याचा धोकाही सोसला पाहिजे, असा त्यातील न्याय आहे. मृताच्या विधवेस किंवा जायबंदी झालेल्या मजुरास चालक कोण, तो कोणाचा चाकर, गाडी कितींदा विकली गेली याचा शोध घेत गावोगाव हिंडावे लागू नये, म्हणून कायद्याने नोंदणी पुस्तकावरील नावाला महत्त्व दिलेले आहे.

चालकाचा दोष सिद्ध न करताही काही भरपाई मिळण्याची सोय कलम १६४ मध्ये आहे. १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या तरतुदीप्रमाणे वाहनाच्या वापरातून झालेल्या अपघातात मृत्यू आल्यास ५ लाख रुपये व गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये देण्याची जबाबदारी वाहनाच्या मालकावर किंवा विमा कंपनीवर आहे. यापेक्षा अधिक भरपाई हवी असल्यास कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करून चालकाची हयगय शाबीत करावी लागते.

विक्री झाली, पण नोंद राहिली

या विषयावर सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेला निकाल प्रत्येक वाहनधारकाने समजून घेण्यासारखा आहे. एका इसमाने आपली मोटार जुलै २००७ मध्ये विकली व ताबा दिला. घेणाऱ्याने ती पुढे दुसऱ्यास दिली, दुसऱ्याने तिसऱ्यास दिली. अशा रीतीने ती हातोहात फिरत राहिली, परंतु परिवहन कार्यालयातील नाव कोणीच बदलले नाही. मोटारीचा विमाही उतरविलेला नव्हता. २७ मे २००९ रोजी त्या मोटारीने अपघात होऊन एक मुलगा मरण पावला व एक स्त्री जखमी झाली. आपण दोन वर्षांपूर्वीच गाडी विकली असून तिच्याशी आपला काही संबंध नाही, असा पहिल्या मालकाचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. अपघाताच्या दिवशी नोंदणी ज्याच्या नावाने आहे तोच कायद्याने मालक होय आणि भरपाई देण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे, असा निर्णय न्यायालयाने दिला. अपघातग्रस्ताने नोंद न झालेल्या विक्रीच्या साखळीचा माग काढीत बसावे, अशी अपेक्षा करता येणार नाही, असे या निर्णयामागील कारण आहे.

नोंदलेल्या मालकावरील जबाबदारीचे हेच तत्त्व न्यायालयाने २००१ व २०११ सालच्या निकालांतही सांगितलेले होते. म्हणजे हा कायदा नवा नाही. त्याची माहिती मात्र गावोगाव पोहोचलेली नाही. मुद्रांकावरील लेख, नोटरीचा शिक्का, पंचांच्या सह्या या गोष्टी विकणारा व घेणारा यांच्या आपसातील हिशेबास उपयोगी पडतात. त्यांच्या आधारे जुन्या मालकास खऱ्या ताबेदाराविरुद्ध मागाहून वेगळा दावा लावता येईल. परंतु अपघातग्रस्तास द्यावयाची रक्कम त्यामुळे टळत नाही.

रक्कम किती होते?

भरपाई म्हणजे दहा-वीस हजारांची तडजोड, असा गावात समज असतो. तो किती चुकीचा आहे हे एका उदाहरणावरून दिसून येईल. समजा, ३२ वर्षे वयाचा एक मजूर अपघातात मरण पावला. त्याची मिळकत महिना १२,००० रुपये होती. पत्नी, दोन लहान मुले व आई अशी चार माणसे त्याच्यावर अवलंबून होती. सर्वोच्च न्यायालयाने २००९ व २०१७ साली घालून दिलेल्या पद्धतीने हिशेब पुढीलप्रमाणे होतो.

वार्षिक मिळकत : १,४४,००० रुपये.
ठराविक नोकरी नसलेल्या, ४० वर्षांखालील व्यक्तीच्या भावी मिळकतीबद्दल ४० टक्के वाढ धरून : २,०१,६०० रुपये.
चार ते सहा आश्रित असल्यास मृताच्या स्वतःच्या खर्चाबद्दल एक चतुर्थांश वजा करून : १,५१,२०० रुपये.
३१ ते ३५ या वयोगटास १६ हा गुणक लावून : २४,१९,२०० रुपये.

याशिवाय अंत्यविधीचा खर्च, मालमत्तेची हानी आणि कुटुंबीयांच्या सहवासास मुकल्याबद्दलच्या रकमा वेगळ्या मिळतात. अर्ज केल्या दिवसापासूनचे व्याजही लागू होऊ शकते. म्हणजे एका साध्या मजुराच्या मृत्यूची भरपाई जुन्या ट्रॅक्टरच्या किमतीहून कितीतरी अधिक होते. मृत व्यक्ती अधिक मिळवती असल्यास हा आकडा आणखी वाढतो.

वसुली कोठून होते?

भरपाईची रक्कम न भरल्यास काय होते, याची तरतूद कलम १७४ मध्ये आहे. न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठविते आणि जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतात. जमीन महसुलाची थकबाकी म्हणजे काय, हे शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही. तिच्यापायी जप्तीची व लिलावाची पाळी येऊ शकते. ट्रॅक्टर केव्हाच विकला गेला, त्याचे पैसे खर्च झाले, आणि पाचसहा वर्षांनी सातबाऱ्यावरील जमिनीवर मात्र संकट आले, असा प्रसंग केवळ एका अर्जाच्या आळसापायी ओढवू शकतो.

विमा कोठवर साथ देतो?

सार्वजनिक ठिकाणी वाहन नेण्यापूर्वी त्रयस्थ व्यक्तीच्या जोखमीचा विमा उतरविणे कलम १४६ अन्वये सक्तीचे आहे. विमा नसल्यास पहिल्या अपराधास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु दंडाची ही रक्कम काहीच नव्हे. विम्याविना अपघात झाल्यास वर दाखविलेली लाखो रुपयांची भरपाई मालकास स्वतःच्या मिळकतीतून द्यावी लागते, हा खरा धोका आहे.

विमा असला तरी त्याच्या अटी पाळल्या पाहिजेत. अटींचा भंग झाल्याचे कंपनीने सिद्ध केले तर न्यायालय बहुधा कंपनीस रक्कम प्रथम अपघातग्रस्तास देण्यास सांगते आणि मागाहून ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. अशा वेळी विम्याचे हप्ते भरूनही मालकाच्या पदरी काही पडत नाही. शेतकऱ्यांच्या बाबतीत पुढील चार ठिकाणी चूक होते.

(१) माणसांची वाहतूक : ट्रॅक्टरवर चालकाखेरीज दुसऱ्या कोणास बसण्याची जागा नसते. मडगार्डवर दोन्ही बाजूंस माणसे बसविणे ही गावातील नित्याची गोष्ट असली तरी विमा त्यांची जोखीम घेत नाही. ट्रॅक्टरवर बसून जाणाऱ्या एका इसमाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली विमा कंपनीस जबाबदार धरले नाही. तिने रक्कम आधी द्यावी व मालकाकडून वसूल करावी, असा आदेश दिला. यात्रेस, लग्नास किंवा बाजारास ट्रॉलीत माणसे भरून नेणे याच कारणाने अत्यंत धोक्याचे आहे. एक ट्रॉली उलटली तर पंधरावीस घरांचे दावे एका मालकावर येऊन पडतात.

(२) वापर : शेतीच्या कामासाठी म्हणून विमा उतरविलेला ट्रॅक्टर भाड्याने विटा, वाळू किंवा खडी वाहण्यास लावला, तर अटभंगाचा प्रश्न येतो. केवळ वाळू भरलेली होती एवढ्यावरून व्यापारी वापर सिद्ध होत नाही. शेतालगतच्या पाण्याच्या टाकीच्या बांधकामासाठी वाळू नेत असलेल्या ट्रॅक्टरच्या प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने मालकाच्या बाजूने निकाल दिला. परंतु असा निकाल मिळविण्यास अनेक वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. भाड्याने वाहतूक करावयाची असल्यास तशी नोंदणी व तसाच विमा घ्यावा, हा सरळ मार्ग आहे.

(३) चालकाचा परवाना : ७,५०० किलोग्रॅमपर्यंत रिकाम्या वजनाचा ट्रॅक्टर हलक्या मोटार वाहनात मोडतो. ट्रॅक्टर चालविण्याचा वैध परवाना असलेला चालक केवळ ट्रॉली जोडल्यामुळे अपात्र ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सांगितले आहे. हलक्या वाहनाचा परवाना असणारास त्या वजनमर्यादेतील वाहतूक वाहनही चालविता येते, हे ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायम केले. तेव्हा परवाना असणे व त्याची मुदत चालू असणे या दोन गोष्टी पाहणे मुख्य होय. नोकर ठेवताना मालकाने त्याचा परवाना पाहिला आणि त्यास वाहन नीट चालविता येते याची खात्री करून घेतली, तर त्याने वाजवी काळजी घेतली असे न्यायालय मानते. परवान्याची नक्कल आपल्याजवळ ठेवावी.

(४) खंड पडलेला विमा : हंगाम संपला म्हणजे ट्रॅक्टर पडवीत उभा राहतो आणि विम्याची तारीख उलटून जाते. पुढे एखाद्या दिवशी खत आणावयास म्हणून ट्रॅक्टर बाहेर काढला जातो आणि नेमका त्याच दिवशी अपघात होतो. मुदत संपण्याची तारीख घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

त्रयस्थाचा विमा हा दुसऱ्यांसाठी असतो. मालक स्वतः वाहन चालवीत असता मरण पावला, तर त्याच्या कुटुंबास त्या विम्यातून भरपाई मिळत नाही. त्यासाठी मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघाताचा १५ लाख रुपयांचा वेगळा विमा असतो. तो उतरविला आहे किंवा नाही, हे विमापत्र घेतानाच पाहून घ्यावे.

अल्पवयीन मुलांच्या हाती वाहन

पंधरासोळा वर्षांचा मुलगा सफाईने ट्रॅक्टर चालवितो याचे बापास कौतुक वाटते. शेताच्या बांधाआड हे कौतुक चालून जाते. रस्त्यावर ते घातक आहे. १८ वर्षांखालील मुलास ट्रॅक्टर चालविण्याचा परवाना मिळत नाही. विनापरवाना इसमाच्या हाती वाहन दिल्यास कलम १८० खाली मालकास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अज्ञान मुलाने अपराध केल्यास २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १९९-अ प्रमाणे पालक किंवा वाहनमालक दोषी समजला जातो. त्यास ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास वयाची २५ वर्षे पुरी होईपर्यंत परवाना मिळत नाही. अपघाताची भरपाई याशिवाय वेगळीच राहते.

विकताना व घेताना करावयाच्या गोष्टी

वाहन विकणाऱ्याने कलम ५० प्रमाणे १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास हस्तांतरणाची खबर द्यावयाची असते. त्यासाठी नमुना २९ वापरतात. घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत नमुना ३० भरून, नोंदणी पुस्तक, विमापत्र व ठरलेले शुल्क यांसह नाव बदलण्याचा अर्ज करावयाचा असतो. वाहन परराज्यात जात असल्यास ना-हरकत दाखला घ्यावा लागतो व खबर देण्याची मुदत ४५ दिवसांची आहे. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरही हे अर्ज करता येतात.

विकणाऱ्याने पुढील पथ्ये पाळावीत.

कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून ते दलालाच्या हाती देऊ नयेत. असे नमुने महिनोन्‌महिने दलालाच्या पेटीत पडून राहतात आणि दरम्यान वाहन रस्त्यावर फिरत असते. नमुना २९ स्वतः दाखल करून त्याची पोच घ्यावी. घेणाऱ्याच्या ओळखपत्राची नक्कल, विक्रीचा लेख व ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती जपून ठेवावी. सर्व रक्कम चुकती झाल्याखेरीज नाव बदलून देण्यास शेतकरी नाखूष असतो, हे समजण्यासारखे आहे. परंतु तसे असेल तर ताबाही देऊ नये. पैसे बाकी, नाव बाकी, आणि वाहन मात्र दुसऱ्याच्या हाती, ही सर्वांत वाईट स्थिती होय. महिन्याभराने नोंदणीची स्थिती पाहून नाव खरोखर बदलले किंवा नाही याची खात्री करून घ्यावी.

घेणाऱ्याचेही हित यातच आहे. वाहनाबरोबर विमा कायद्याने त्याच्याकडे आलेला समजला जातो. तथापि १४ दिवसांच्या आत विमा कंपनीस कळवून विमापत्रावर आपले नाव चढवून घ्यावयाचे असते. वाहनावर बँकेचे कर्ज असल्यास बँकेच्या संमतीखेरीज हस्तांतरण होत नाही. कर्ज फिटले असल्यास बँकेकडून नमुना ३५ व ना-हरकत दाखला घेऊन नोंदणी पुस्तकावरील तारणाची नोंद आधी काढून टाकावी.

मालक मृत झाल्यास

वडील वारले, जमिनीची वारसनोंद झाली, परंतु ट्रॅक्टर वडिलांच्याच नावे राहिला, अशी स्थिती एकत्र कुटुंबात वारंवार दिसते. नियमाप्रमाणे ज्या वारसाच्या ताब्यात वाहन येते त्याने ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास मृत्यूची व वाहन वापरण्याच्या इराद्याची खबर दिल्यास ३ महिन्यांपर्यंत वाहन वापरता येते. त्या ३ महिन्यांत नमुना ३१ मध्ये नाव बदलण्याचा अर्ज करावा. २०२१ पासून नोंदणी पुस्तकात नामनिर्देशित व्यक्तीचे नाव घालण्याची सोय झालेली आहे. तिचा लाभ घेतल्यास वारसांचे काम सोपे होते. भावाभावांत वाटणी होऊन ट्रॅक्टर एकाकडे गेला असेल, तर नोंदही त्याच्याच नावे व्हावयास पाहिजे. तसे न झाल्यास एका भावाच्या चालकाने केलेल्या अपघातासाठी दुसऱ्यास न्यायाधिकरणापुढे उभे राहावे लागेल.

अपघात घडलाच तर

जखमीस जवळच्या रुग्णालयात पोहोचविणे हे चालकाचे पहिले कर्तव्य आहे. जमावाच्या रोषाची भीती असल्यास त्याने थेट पोलीस ठाणे गाठावे, परंतु पळून जाऊन दडून बसू नये. २४ तासांच्या आत पोलिसांना खबर द्यावयास हवी. विमा कंपनीस विमापत्राचा क्रमांक, अपघाताची तारीख, वेळ व ठिकाण आणि जखमींची नावे लेखी कळवावी. पोलिसांनी विचारल्यास चालकाचे नाव व परवान्याचा तपशील सांगणे मालकास कलम १३३ प्रमाणे बंधनकारक आहे. विनापरवाना चालकास वाचविण्यासाठी परवाना असलेल्या दुसऱ्या माणसाचे नाव पुढे करण्याची युक्ती काही ठिकाणी योजली जाते. ती उघडकीस आल्यास मालक खोट्या माहितीच्या नव्या गुन्ह्यात सापडतो.

न्यायाधिकरणाची नोटीस आल्यास ती परत पाठवू नये. ‘गाडी माझी नाही’ असे म्हणून घरी बसणाऱ्याविरुद्ध एकतर्फी निकाल होतो. नेमल्या तारखेस हजर राहून सर्व कागद दाखल करावेत.

अपघातात शेतकऱ्याच्याच घरचे माणूस बळी पडले असेल, तर भरपाईचा अर्ज तो राहतो त्या भागातील न्यायाधिकरणापुढेही करता येतो. कायद्यात यासाठी अपघातापासून ६ महिन्यांची मुदत घातलेली आहे. यास्तव दुखवट्याचे दिवस सरताच कागदपत्रांच्या मागे लागावे. अपघात करून पळालेल्या वाहनाचा पत्ता न लागल्यासही मृत्यूबद्दल २ लाख रुपये व गंभीर दुखापतीबद्दल ५०,००० रुपये मिळण्याची शासकीय योजना आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

उसाच्या गळिताचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास, गावातील ट्रॅक्टरधारकांची एक बैठक बोलवावी. प्रत्येक वाहनासंबंधी पुढील पाच गोष्टी शेतकऱ्यास स्वतः तपासून पाहण्यास सांगावे.

१. नोंदणी पुस्तकावर कोणाचे नाव आहे आणि वाहन प्रत्यक्षात कोणाकडे आहे?
२. ट्रॅक्टर व ट्रॉली या दोहोंच्या विम्याची मुदत केव्हा संपते?
३. चालकाचा परवाना चालू आहे काय?
४. ट्रॉलीस मागील बाजूस तांबडे परावर्तक व दिवा आहे काय?
५. गेल्या काही वर्षांत विकलेले एखादे वाहन अजून आपल्या नावावर तर नाही ना?

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तो सहसा कोणी विचारीत नाही. ज्यांच्या बाबतीत असे वाहन निघेल त्यांना त्याच आठवड्यात परिवहन कार्यालयाकडे पाठवावे. चौथ्या प्रश्नाकडेही दुर्लक्ष होता कामा नये. अंधारात रस्त्याकडेला बिनदिव्याची उभी असलेली उसाची ट्रॉली मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वारास दिसत नाही. परावर्तक पट्टीचा खर्च थोडका आहे. तिने वाचणारा जीव बहुधा आपल्याच पंचक्रोशीतील कोणा घरचा कर्ता मुलगा असतो.

अपघात टाळणे हे पहिले कर्तव्य आहे. भरपाईचे ज्ञान त्याच्या मागाहून येते. परंतु जो शेतकरी आपले कागद नीट ठेवितो, तो परवाना नसलेल्याच्या हाती वाहन देत नाही, ट्रॉलीत माणसे भरीत नाही आणि दिवा लावल्याखेरीज रात्री रस्त्यावर येत नाही, असाच अनुभव आहे. बैल गेला नि झोपा केला, अशी गत होऊ नये म्हणून, वाहन विकल्या दिवशीच नाव बदलण्याचा अर्ज करण्याची सवय शेतकरी बंधूंनी स्वतःस लावून घ्यावी. एका दिवसाच्या खेपेने वडिलार्जित जमिनीवर येणारे मोठे संकट टळते.